गारठलेल्या गाडीचे निदान

दिवाळीच्या पहाटेचे कौतुक उटणे लावून घेणाऱ्यांनी खुशाल करावे. जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला ह्या दिवसांत वेगळीच धास्ती असते. थंडीची पहिली झुळूक आली, की पावसाळाभर गुण्यागोविंदाने चाललेली गाडी सकाळी रुसते. सुरू होते, दोन आचके देते आणि बंद पडते. पुन्हा सुरू करावी, तर फाटकापर्यंत येऊन ऐन वळणावर मान टाकते. आमच्या नाशिकला डिसेंबरात हा सोहळा रोजचाच.

वाचकहो, ह्या सदरात आजवर व्याकरणापासून वांग्याच्या भरितापर्यंत सगळ्यांची वास्तपुस्त झाली. मग मोटारीनेच काय घोडे मारले आहे? माझ्याकडे १९९४ सालची पद्मिनी आहे. घरात तिला अजून ‘फियाट’च म्हणतात, आणि ते तिच्या कुळाला धरूनच आहे. मुंबईच्या टॅक्सीच्या नोकरीतून तिची जात ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आपल्याकडे खाजगी गाडीला मात्र पंधरा वर्षे उलटल्यावर, तपासणीत उतरली तर, पाच पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. तिथे धुराचा दाखला लागतो. तेव्हा सकाळचे हे बंद पडणे म्हणजे नुसता खोळंबा नव्हे. गाडी रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, हेही त्याच्या मुळाशी असलेल्या बिघाडावर ठरू शकते.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांपैकी उपशयावर माझा फार लोभ आहे. रोग्याला कशाने आराम पडतो ते पाहावे आणि त्यावरून रोग ताडावा. मोटारीला हे शास्त्र तंतोतंत लागू पडते.

आधी थंडीने इंजिनाचे काय बिघडते ते पाहू. पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात. गार इंजिनात त्याची वाफ पुरती होत नाही. बरेचसे पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतींनाच चिकटून बसते आणि सिलिंडरात पोचते ते हवेच्या मानाने तुटपुंजे. एरवी एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. गार इंजिनाला मिश्रण त्याहून पुष्कळ दाट हवे. ते दाट करणे हे चोकचे काम. काही कार्ब्युरेटरांत तो हवेची वाट अडवतो, काहींत निराळ्या वाटेने जादा पेट्रोल सोडतो, फळ एकच. त्यात २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता अधिक लागते, शिवाय त्यात मुळातच प्राणवायू असल्याने मिश्रण आणखी विरळ पडते. उसाच्या मुलखात राहून उसाला नावे ठेवू नयेत. पण म्हातारीला हा खुराक थोडा जड जातो, हे खरे.

आता उपशय. चोक ओढला आणि गाडीला आराम पडला, तर मिश्रण विरळ होते एवढे कळले. गार असताना हे रीतसरच आहे. पण इंजिन तापल्यावरही चोकवाचून चालेना, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे, किंवा स्लोच्या जेटमध्ये कचरा आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट आणि मॅनिफोल्डचे नट आधी पाहावेत. चोक ओढून काहीच फरक पडला नाही, तर त्याची तारच ढिली नाही ना, ते कुणाला तरी खटका ओढायला बसवून स्वतः बॉनेटखाली पाहावे. चोकने उलट काळा धूर येऊ लागला आणि प्लग काजळलेले निघाले, तर पेट्रोल आधीच जास्त होते. एअर फिल्टर साफ करावा, कार्ब्युरेटरची लेव्हल तपासून घ्यावी. ह्या कशानेच फरक पडेना, तर पॉइंट, प्लग, बॅटरी आणि टॅपेट ह्यांच्याकडे वळावे.

पण इंजिन तापायलाच फार वेळ लागत असेल, तर ह्या सगळ्यांच्या आधी थर्मोस्टॅट पाहावा. हा मुठीत मावणारा द्वारपाल आहे. पाणी साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्या पोटातले मेण तापून फुगते, तेव्हा झडप उघडते. परीक्षा सोपी. सकाळी गाडी सुरू करून, पंख्यापासून हात सांभाळून, रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला स्पर्श करावा. तो काही मिनिटे गार राहून मग झपाट्याने गरम झाला, तर द्वारपाल जागा आहे. पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे, किंवा द्वारपालच जागेवर नाही.

आमच्या फियाटचे असेच निघाले. घर उघडले तर आत थर्मोस्टॅटचा पत्ताच नव्हता! कोण्या जुन्या मिस्त्रीने ‘उष्ण देशात ह्याचे काय काम?’ म्हणून तो काढून टाकला होता. पुष्कळ गाड्यांचे असे झालेले असते. मग मालक अर्धा चोक ओढून आणि स्लो वाढवून दिवस ढकलतो. इकडे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि इंजिन झिजते. धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि दाखल्याच्या वेळी गाडी नापास होते. (ह्याच वायूसाठी बंद गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये.) नवा थर्मोस्टॅट बसवला आणि सहा किलोमीटरवरच्या कॉलेजपर्यंत कोमटच राहणारी आमची गाडी दुसऱ्या किलोमीटरला चोकवाचून धावू लागली.

मराठीत ताप हा शब्द बहुधा तक्रारीसाठीच वापरतात. इंजिनाच्या बाबतीत मात्र मोजका ताप हेच आरोग्य. तेव्हा गाडी थंडीत रुसली, तर कार्ब्युरेटरवर पेचकस चालवण्यापूर्वी होज पाइपवर हात ठेवा. नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये.