साप ओरडत नाही

तर झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी सकाळीच रूममेटने हाक मारली, "अरे, बंडूचं पोट बघ ना, लाल दिसतंय."

बंडू म्हणजे त्याचा बॉल पायथन. (हो, सापच! इथे डॅलसला दुकानात मिळतो. भारतात आपले नाग, धामण, अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा पुणेकर मित्रांनो, कल्पना डोक्यातून काढा.)

पोटाचे चार-पाच खवले लाल, एकावर पाण्याचा फोड. मी लगेच म्हटलं, हळद लावू. आईचे संस्कार, दुसरं काय! त्याने सुदैवाने ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बघताच एकच प्रश्न विचारला, "पेटीखालच्या हीट मॅटला थर्मोस्टॅट आहे का?"

नव्हता. पैसे वाचवले होते.

उपचार तसा साधा. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम धुवायची आणि त्यांनी दिलेलं मलम लावायचं. भुसा काढून पेपर टॉवेल अंथरायचा, रोज बदलायचा. फोड फोडायचा नाही, खपली ओढायची नाही. तेल, तूप, हळद काही नाही. बधिर करणारं औषध घातलेलं आपलं मलमही नाही. पू, सूज किंवा उघडं मांस दिसलं तर घरगुती प्रयोग बंद, थेट डॉक्टर.

पण मला विचाराल तर, मलम हा नुसता पॅच आहे. बग पेटीत असतो. नाक खरचटलंय? साप बाहेर पडायची धडपड करतोय. पेटी लहान असेल, लपायला जागा नसेल. अंगावर चावे? तुम्ही जिवंत उंदीर सोडलात. (फ्रोझन आणून, कोमट करून द्यायला काय होतं?) पोटाचे खवले तपकिरी, सुजलेले? भुसा ओला राहतोय. कात तुकड्यातुकड्यांनी निघून अडकतेय? बहुतेक हवा कोरडी आहे. पाळलेल्या सापाची बहुतेक प्रत्येक जखम शेवटी आपल्यापाशीच येऊन थांबते. मलम लावून त्याच मॅटवर परत ठेवणं म्हणजे कारण न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करणं. सोमवारी पुन्हा पडणारच.

आणि खरं सांगायचं तर रूममेटला एकट्याला दोष देणं बरोबर नाही. त्याआधी दोन दिवस बंडू पाण्याच्या भांड्यातच बसून होता. मी पाहिलं होतं. मला वाटलं, मजेत डुंबतोय. तो गार व्हायला बसला होता!

कुत्रा असता तर केकाटला असता, आम्ही धावलो असतो. साप भाजत असतानाही बरेचदा जागचा हलत नाही. ज्याला ओरडता येत नाही असा प्राणी घरी आणायचा, तर बघत राहण्याचं काम आपलं. ते जमत नसेल तर आणू नये, इतकं सरळ आहे.

असो. आता थर्मोस्टॅट आलाय, ३२ अंशांवर लावलाय. बंडूने तेव्हापासून दोनदा कात टाकली. डाग फिका झालाय, पण गेला नाहीये. रोज ऑफिसला निघताना मी पेटीत डोकावून जातो.