टर्बो बसवायचाय? आधी इंजिनाचं पोट बघा



सुट्टीवरून परतलेली पोरं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "उस्ताद, जुनी गाडी बघितलीय, टर्बो टाकायचाय. कुठलं इंजिन घेऊ?" कोणाच्या डोक्यात एस्टीम असते, कोणाच्या जिप्सी, कोणाच्या जुनी होंडा सिटी. माझं उत्तर त्यांना आवडत नाही, तरी आज ते सविस्तर लिहितो. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीला टर्बो हवा असेल, तर कारखान्यातून टर्बोसकट बाहेर पडलेलं इंजिन निवडा. आणि ते ज्या गाडीत आलं, ती गाडीच घ्या.

टर्बोची हौस चुकीची आहे असं मी म्हणत नाही. लेहला नोकरी केलेल्या माणसाला टर्बोचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. साध्या जिप्सीचं ८० अश्वशक्तीचं इंजिन तिथे पन्नाशीच्या आसपास येतं. माणूस धापा टाकतो, तशीच गाडीही टाकते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेलं आणि टर्बोच्या जोरावर विरळ हवेतही त्याची सपाटीवरची ताकद परत मिळवून दाखवली. म्हणजे टर्बो हे नुसतं शर्यतवाल्यांचं खूळ नाही, त्याची मोठी परीक्षा लष्करी इंजिनावर आणि डोंगरावरच झाली.

आता हिशेब बघा. पठाणकोटला टर्बो हवेचा दाब दीडपट करतो, तेव्हा इंजिनात दीडपट हवा जाते. लेहला तेवढीच दीडपट केली, तर इंजिनाला मिळते सपाटीवरची साधी हवा. कंप्रेसरचे कष्ट सारखेच, पण फळ वेगळं. म्हणून ज्या टर्बोला सपाटीवरच शेवटच्या टोकापर्यंत राबवलंय, त्याच्याकडे डोंगरासाठी राखीव काही उरत नाही. कंपनी हे गणित आधी करते. गल्लीतला ट्यूनर क्वचितच करतो.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या पोटातली. जास्त हवा, जास्त इंधन, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त दाब आणि जास्त उष्णता. साध्या इंजिनाचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट आणि रेडिएटर हे त्या ओझ्यासाठी बनवलेले नसतात. त्यात साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असेल, तर पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि नॉकिंग सुरू होतं. नॉकिंग पिस्टन फोडतं, आणि ते नेमकं चढणीवर, भरल्या गाडीत, घरची माणसं मागे बसलेली असताना फोडतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. पोरं सगळ्यात मोठी अश्वशक्ती विचारतात. रस्त्यावर कामाला येतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क. मारुतीचं ९९८ सीसीचं साधं के१० इंजिन ९० न्यूटन मीटर देत होतं, तेही ३,५०० आरपीएमला. त्याच ९९८ सीसीचं बूस्टरजेट २०१७ मध्ये बलेनो आरएसमध्ये आलं, ते १५० न्यूटन मीटर द्यायचं, तेही १,७०० आरपीएमपासून. पोलो जीटीचं १.२ टीएसआय १,५०० पासून १७५ न्यूटन मीटर देत होतं. घाटातल्या वळणावरून बाहेर पडताना हीच ताकद हाताशी लागते. बाजारातला मोठा टर्बो लावला, तर तो जागा होईपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं.

आता आपल्या नोकरीचा मुद्दा. आज जैसलमेर, उद्या तेजपूर. उंची पेट्रोलवर ट्यून केलेलं इंजिन छोट्या गावच्या पंपावर काय करणार? पुण्यातल्या ज्या ट्यूनरने मॅप भरला, तो जोरहाटला तुमच्यासाठी येणार आहे का? पुढच्या पोस्टिंगच्या गावात ज्याचं गॅस्केट आणि सेन्सर मिळेल, तेच आपलं इंजिन.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. परस्पर इंजिन बदललेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. फंडातून पैसे काढून घेतलेल्या गाडीवर हा जुगार कशाला?

"पण उस्ताद, स्वतःच्या हाताने बनवण्यात मजा आहे." आहे, हे मला मान्य आहे. मी पाना धरणारा माणूस आहे, ती मजा मला कळते. ती ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीत घ्या, तिथे इंजिन फुटलं तर फक्त खिशाला चटका बसतो. रस्त्यावर तुमच्यामागे दुसऱ्याचं कुटुंब येत असतं.

निवृत्तीच्या पैशातून जुनी टर्बो गाडी शोधणाऱ्या माजी सैनिक बांधवांनाही हेच सांगेन. ऑइल बदलल्याच्या नोंदी मागा, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फिरतो आणि तो नुसत्या ऑइलच्या थरावर तरतो. थंड इंजिन समोर चालू करायला लावा, निळा धूर आला तर परत फिरा. इंटरकूलरचा पाइप काढून आत किती ऑइल साचलंय ते बघा. कूलंट कमी होतं का, ते विचारा. मग क्लच आणि ब्रेक तपासा. एवढं सगळं नीट निघालं, तर व्यवहाराचं बोला.