रॉयल ब्लूवर माझा राग आहे

अप्पा बळवंत चौकात जाऊन नुसतं ‘निळी शाई द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा रॉयल ब्लूचीच बाटली समोर येते. नवं फाउंटन पेन घेतलेल्या माणसाची ती पहिली आवड असते. माझीही होती. रंग देखणा आहे, वादच नाही. ओला असताना किंचित जांभळा, वाळला की स्वच्छ निळा. तरीही माझं म्हणणं आहे की जो कागद जपायचा आहे, त्यावर या शाईनं लिहू नये.

हा राग घरातून आलेला आहे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा आमचं घर नारायण पेठेत होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून एक ट्रंक निघाली. तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक आजोबांची हिशेबाची वही, ब्लू-ब्लॅकनं लिहिलेली. दुसरी, आज्जी बाळंतपणाला माहेरी वाईला गेली होती तेव्हाची तिची पत्रं. तिला रॉयल ब्लू आवडायची.

वही आजही वाचता येते. दूध किती, रॉकेल किती, वाण्याची उधारी किती, सगळं. पत्रांवर फक्त फिकट निळे ढग उरलेत. आज्जीनं काय लिहिलं होतं ते आम्हाला कुणालाच कळणार नाही. आजोबांनी रॉकेलला किती पैसे मोजले, ते मात्र पाठ आहे.

यात नशिबाचा भाग कमी आणि रसायनाचा जास्त. रॉयल ब्लू म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेला रंग. कागदावरचं पाणी उडून जातं, रंग तिथंच बसून राहतो, आणि पुन्हा पाणी मिळालं की पुन्हा विरघळतो. अनेक रॉयल ब्लू मुद्दाम तशाच बनवतात, शाळेच्या गणवेशावरचा डाग निघावा म्हणून. उन्हातही तो फिका पडतो. जुन्या पद्धतीच्या ब्लू-ब्लॅकमध्ये मायफळातलं टॅनिन आणि हिराकस असतं. हे मिश्रण लिहिताना फिकट दिसतं, म्हणून त्यात निळा रंग घालतात. मग हवा लागली की लोहाचा काळा थर कागदाच्या धाग्यांतच तयार होतो. पाण्यानं निळा रंग गेला तरी काळा राहतो. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव त्या बदलावरूनच पडलं.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद आहेत, बोरूनं आणि काजळाच्या शाईनं लिहिलेले. अडीचशे वर्षांनंतरही त्यातलं काजळ फिकं पडलेलं नाही. (ती शाई फाउंटन पेनात भरू नका, डिंकानं पेन कायमचं बसेल.) 1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली. तेव्हा शाई ही कामाची वस्तू होती. आज ती फोटोची वस्तू झाली आहे.

पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतली कोन-पेकी घ्या, नाहीतर चांदण्या रात्रीचं नाव लावणारी त्सुकी-यो घ्या. सुंदर आहेत, माझ्याकडेही आहेत. पण बाटल्या वीस आणि लिहिलेली पानं चार, त्यातही प्रत्येक पानावर शाईचं नावच, हा छंद लिहिण्याचा नाही. शाईची पारख शेडवरून करायची आणि ती किती टिकते हे विचारायचंच नाही, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, ब्लू-ब्लॅकनं पेन चोंदतं. खरं आहे. लोहाची शाई निबमध्ये वाळू देऊ नये, महिन्यातून एकदा पेन साध्या पाण्यानं धुवावं. पाच मिनिटांचं काम आहे. कुणी म्हणेल, फोटो काढून क्लाउडवर टाकू. टाका की. पण जुन्या फोनबरोबर किती फोटो गेले, ते आधी आठवून पाहा. आणि फोटो काढायचं सुचतं ते जपायची गोष्ट ओळखता आली तर. आज्जीची पत्रं तेव्हा साधी पत्रंच होती.

नुसत्या नावावरही विसंबू नका. आज ब्लू-ब्लॅक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक शायांत लोह नसतं, नुसता गडद रंग असतो. प्लॅटिनमच्या ब्लू-ब्लॅकमध्ये ते आहे. बाकीच्यांची परीक्षा घरीच घ्या. दोन ओळी लिहा. एक दिवसभर वाळवून नळाखाली धरा. दुसरी अर्धी झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. जी शाई दोन्हींत टिकेल ती तुमची.

रॉयल ब्लू फेकून द्या असं मी म्हणत नाही. वाण्याची यादी लिहायला ती उत्तम आहे. आईला पत्र लिहाल तेव्हा मात्र पेन धुऊन घ्या आणि ब्लू-ब्लॅक भरा.