गावचा मुरूम आणि पक्का रस्ता

गावच्या मुरमावर बांधलेला रस्ता एका पावसाळ्यात उखडतो, म्हणून लांबच्या खाणीतला मालच हवा, असे ग्रामीण रस्त्यांबाबत ठामपणे सांगितले जाते. रस्ते उखडतात हे खरे. कारण मात्र वेगळे आहे.

महाराष्ट्राच्या पठारावरील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पावसात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तळच असा वरखाली होऊ लागला की वरची खडी कोठून आणली याला अर्थ उरत नाही. डांबराला भेगा पडतातच. यावरचा उपाय जागेवर होतो. ढेकळे फोडून मातीत साधारण ३ ते ५ टक्के चुना मिसळायचा, योग्य ओल राखून रोलरने दबाई करायची. चुन्यातल्या कॅल्शियममुळे मातीचा चिकटपणा आणि फुगवटा उतरतो. पुढे मातीतल्या सिलिका व ॲल्युमिनाशी चुन्याची प्रक्रिया होऊन थर हळूहळू घट्ट बांधला जातो.

‘स्थानिक’ या नावाखाली कंत्राटदार निकृष्ट माल खपवतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला उत्तर सीबीआर या भारक्षमता मोजणाऱ्या चाचणीचे. दाबून भरलेला नमुना ४ दिवस पाण्यात बुडवतात; मग ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या मिनिटाला १.२५ मिलिमीटर गतीने त्यात घुसवतात आणि लागलेला भार प्रमाणित खडीच्या भाराशी ताडतात. भर पावसाळ्यात थर किती तग धरेल, याचा अंदाज रस्ता होण्याआधीच मिळतो. निकालावरून मुरमाची जागा ठरते: कमजोर असेल तर खालच्या भरावात, चांगला असेल तर वरच्या थरात. वाहनांची झीज सोसणाऱ्या पृष्ठभागाला मात्र कठीण बेसाल्टच हवा. कोकणातला नरम जांभा तेथे चालत नाही, खालच्या थरांत चालतो.

मुरमासाठी टेकड्या पोखरल्या जातात, ही तक्रार रास्तच आहे. पण मुरूम टेकडीतूनच काढला पाहिजे असे नाही. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गांच्या भरावासाठी तलाव, नाले आणि नद्या खोल करून माती-मुरूम घेण्यात आला. रस्त्याला भराव मिळाला, गावांना पाणीसाठा. उलट लांबच्या खाणीतून येणारे भरलेले डंपर वाटेतल्या गावांचे अरुंद रस्ते आधी मोडतात, आणि डिझेल जळते ते वेगळेच. म्हणून अंदाजपत्रकात लांबच्या वाहतुकीआधी चुना, चाचण्या आणि तळात पाणी मुरू न देणाऱ्या बाजूच्या गटारांचा खर्च धरला पाहिजे.