तुरुंगातलं पालगड

मनमाडच्या फलाटावर पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघताना रेल्वेतले लोक आपापल्या गावाच्या गप्पा मारतात. नळाला पाणी कधी येईल या विवंचनेतल्या आमच्या शहरात प्रत्येकाच्या गावची विहीर मात्र तुडुंब! पूर्वी मी याला हसायचो. आता हसत नाही, कारण याच गाडीच्या वाटेवर, नाशिकच्या तुरुंगात, साने गुरुजींनी ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्यांची आई १९१७ सालीच गेलेली, कोकणातलं त्यांचं गाव पालगड लांब राहिलेलं. घरावरचं कर्ज, वाट्याला आलेले अपमान त्यांनी झाकले नाहीत. पण विहिरीत पोहायला घाबरला म्हणून पुस्तकातल्या श्यामनं, म्हणजे लहानपणीच्या गुरुजींनी, खाल्लेला मारही तिथं गोड होतो. पालगडात बसून हे पुस्तक झालं नसतं.