गल्ल्यामागचे बँड

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. १९७९-८०च्या सुमारास तिथल्या 'वक्स्ट्री' या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक नावाचा एक तरुण गल्ल्यावर बसायचा. दुकानात जुन्या रेकॉर्ड्स विकायला आल्या की आधी त्याच्या हातून जायच्या, आणि त्यातल्या चांगल्या तो गुपचूप स्वतःसाठी बाजूला काढायचा. पंचाईत अशी की कला शाखेत शिकणारा मायकल स्टाइप नावाचा एक विद्यार्थी दुकानात यायचा आणि नेमक्या त्याच रेकॉर्ड्सवर त्याचा डोळा असायचा. यातून ओळख झाली आणि ओळखीतून बँड. बिल बेरी ड्रमवर आला, माइक मिल्स बासवर. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या, वापरातून गेलेल्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला हे चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले. तो बँड म्हणजे आर.ई.एम.

आपल्याकडे हे नाव पोचलं ते गल्लोगल्ली केबल आली आणि स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही दिसायला लागला तेव्हा. १९९१ मधलं 'लूझिंग माय रिलिजन', त्यातलं बकचं मँडोलिन, खिडकीतून आत येणारा तो उजेड. आमच्या कॉलेजात सगळ्यांना वाटलं, नवा बँड आला. प्रत्यक्षात त्यांची पहिली सात इंची तबकडी १९८१ची, 'हिब-टोन' नावाच्या चिमुकल्या कंपनीने काढलेली. १९८३ मध्ये सगळं जग 'थ्रिलर'वर नाचत असताना 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला तो यांचा 'मर्मर'. दहा वर्षांचा हा सगळा प्रवास आम्हाला ठाऊकच नव्हता, कारण तो ज्या वाटेने झाला ती वाट आपल्या गावांवरून जात नव्हती. कॉलेजांची रेडिओ केंद्रं, हाताने छापलेली मासिकं, आणि रेकॉर्डची दुकानं.

माझं म्हणणं असं आहे की ज्याला आपण ऑल्टरनेटिव्ह म्हणतो त्या संगीताचा इतिहास स्टुडिओपासून सुरू करणं चूक आहे. तो दुकानापासून सुरू होतो. तिथे रेकॉर्ड विकणारा, ती हुडकत हिंडणारा आणि पुढे गिटार घेऊन उभा राहणारा ही बहुतेक वेळा एकाच पंगतीतली माणसं होती, पुष्कळदा तर एकच माणूस.

लंडनचं 'रफ ट्रेड' घ्या. जेफ ट्रॅव्हिस अमेरिकाभर फिरला, जुन्या रेकॉर्ड्सचे ढीग घेऊन परतला आणि १९७६ मध्ये त्याने लॅडब्रोक ग्रोव्हच्या परिसरात दुकान थाटलं. दोन वर्षांत दुकानाची रेकॉर्ड कंपनी झाली, आणि १९८३ मध्ये त्याच कंपनीने 'द स्मिथ्स'ची पहिली सिंगल काढली. पण मला रफ ट्रेडपेक्षा बेलफास्टची गोष्ट जास्त प्रिय आहे.

सत्तरच्या दशकातलं बेलफास्ट म्हणजे बॉम्बस्फोट, सैन्याच्या तपासण्या आणि संध्याकाळी ओस पडणारे रस्ते. शहराच्या मध्यभागी ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर युरोपा हॉटेल होतं. युरोपात सर्वाधिक वेळा बॉम्ब झेललेलं हॉटेल अशी त्याची ख्याती. लोक ज्या रस्त्यावर जायला घाबरायचे, त्याच रस्त्यावर टेरी हूली नावाच्या, एक डोळा गमावलेल्या, रेकॉर्डवेड्या माणसाने 'गुड व्हायब्रेशन्स' नावाचं दुकान उघडलं. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पोरं एरवी एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकत नसत. ती या दुकानात शेजारी शेजारी उभी राहून एकाच खोक्यातल्या रेकॉर्ड्स चाळू लागली. व्यवहारात हूली कच्चाच होता, पण ऐकायला पक्का. गावातली पंक पोरं काय वाजवतात ते ऐकून त्याने दुकानाच्याच नावाने रेकॉर्ड्स काढायला सुरुवात केली. जाड पुठ्ठ्याचं कव्हर परवडणार नव्हतं, म्हणून मोठ्या कागदाची घडी घालून त्यात तबकडी सरकवायची. घडी उलगडली की भिंतीवर लावायला पोस्टर तयार.

१९७८ मध्ये डेरी शहरातल्या 'द अंडरटोन्स' या पोरांची रेकॉर्ड त्याने अशीच काढली. ती घेऊन तो लंडनच्या कंपन्यांचे उंबरे झिजवून आला. कुणाला त्यात काही दिसलं नाही. एक प्रत बीबीसीच्या जॉन पीलपर्यंत पोचली. त्या सप्टेंबरात पीलने रेडिओवर 'टीनएज किक्स' लावलं आणि संपल्याबरोबर लगेच पुन्हा लावलं. बीबीसीवर असं कुणी करत नसे. अमेरिकेच्या 'सायर' कंपनीचे प्रमुख सिमोर स्टीन तेव्हा इंग्लंडमध्ये होते, त्यांनी ते गाणं गाडीतल्या रेडिओवर ऐकलं आणि बँडला करारबद्ध केलं. हूलीच्या हाती फारसं काही लागलं नाही. त्याच्यावर पुढे चित्रपट निघाला, दुकान मात्र अनेकदा बंद पडलं, अनेकदा उघडलं, एकदा आगीतही सापडलं.

या पीलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण संग्राहक कसा असावा याचा माझा आदर्श तोच आहे. १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बीबीसी रेडिओ वनवर होता. सफोकमधल्या त्याच्या घरात सुमारे २६,००० एलपी आणि ४०,००० सिंगल्स होत्या, आणि एलपींच्या नोंदी टाइप केलेल्या कार्डांवर. आकडा ऐकून छाती दडपते, पण मुद्दा आकड्याचा नाही. त्याच्याकडे आलेली रेकॉर्ड कपाटात जाण्याआधी लाखो लोकांच्या कानांवरून जायची. कुठल्याशा गावातल्या चार पोरांनी पदरमोड करून पाठवलेली सिंगलही तो ऐकायचा आणि आवडली तर रात्री लावायचा. कधी कधी चुकीच्या वेगावर लावायचा, ते सोडा. त्याच्या थडग्याच्या दगडावर त्याच अंडरटोन्सच्या गाण्यातली ओळ कोरली आहे.

पदरमोड म्हणजे किती? मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'नी १९७७च्या जानेवारीत चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच काढली, घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसन्या घेतलेल्या ५०० पौंडांत. पहिल्या खेपेला हजार प्रती. त्या हातोहात गेल्या आणि इंग्लंडभरच्या पोरांच्या लक्षात आलं की रेकॉर्ड काढायला मोठ्या कंपनीच्या पाया पडायची गरज नाही. पुढच्याच वर्षी 'स्क्रिटी पोलिटी' या बँडने त्यावर कडी केली. फोटोकॉपी केलेल्या कव्हरवर त्यांनी सगळा हिशेबच छापला: स्टुडिओचं भाडं इतकं, तबकडी छापायला इतके, लेबलांना इतके. त्यांचं ते गाणं मला आजही फारसं भावत नाही. पण ते कव्हर म्हणजे माझ्या मते रॉक संगीतातल्या सर्वांत प्रामाणिक दस्तऐवजांपैकी एक आहे.

जुन्या रेकॉर्ड्स उपसण्यातून नवं संगीत कसं निघतं याचं आणखी एक उदाहरण देतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये सिअॅटलच्या 'सब पॉप' कंपनीने एक सिंगल काढली, फक्त १,००० प्रती, प्रत्येकीवर हाताने घातलेला क्रमांक. 'निर्वाणा' या बँडची ही पहिलीच तबकडी. तिच्या पहिल्या बाजूवरचं 'लव्ह बझ' हे गाणं मुळात बँडचा गायक कर्ट कोबेन याचं नव्हेच. ते 'शॉकिंग ब्लू' या डच बँडच्या १९६९च्या एलपीवरचं आहे, आणि मूळ गाण्यात चक्क सतार आहे. त्याच एलपीवर कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांची एक रचनाही आहे. (गिटारवाला तरुण जॉन मेयर वेगळा.) कलकत्त्याहून लंडन, लंडनहून हॉलंड, तिथून सिअॅटलचा कोंदट स्टुडिओ. हा प्रवास कुठल्या कंपनीच्या योजनेतून झाला नाही. कुणीतरी स्वस्तातली, विसरलेली रेकॉर्ड उचलली आणि घरी नेऊन वाजवली, एवढ्यावर झाला.

आता त्या हजार प्रतींतली एखादी बाजारात आली तर तिच्यासाठी लोक हजारो डॉलर मोजतात. संग्राहकांची ही बाजू मी नाकारत नाही. मलाही तबकडीच्या अगदी आतल्या, लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीवर काय खरवडलंय ते उजेडाकडे धरून बघायची खोड आहे. जॉर्ज पेकम हा इंग्लिश कारागीर मूळ तबकडी कापताना तिथे स्वतःच्या टोपणनावाची सही करायचा, आणि स्मिथ्सच्या रेकॉर्ड्सवर तिथे खट्याळ वाक्यं सापडतात. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कुणाला तरी ७५ सेंटला एक कळकट तबकडी मिळाली. ती निघाली व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या १९६६ मधल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणाची. २००६ मध्ये ती २५,२०० डॉलरला गेली. अशी कथा ऐकली की चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर माझी पावलं जरा जास्तच रेंगाळतात.

पण हल्ली जे चाललंय त्याने माझं डोकं फिरतं. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर पहिल्यांदा सीडींपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या, साधारण ४ कोटी १० लाख. आनंदाची गोष्ट. मात्र त्याच वर्षी टेलर स्विफ्टचा 'मिडनाइट्स' चार वेगवेगळ्या कव्हरांत आला, आणि चारही कव्हरांच्या पाठी जुळवल्या की भिंतीवरचं घड्याळ होतं. एकच अल्बम चारदा विकत घ्यायचा, घड्याळासाठी! 'ल्युमिनेट' या कंपनीच्या २०२३ मधल्या अहवालानुसार अमेरिकेत रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडेच ती वाजवायला प्लेअर आहे. छोट्या दुकानांना हात द्यावा म्हणून २००८ मध्ये 'रेकॉर्ड स्टोअर डे' सुरू झाला. आता त्या दिवशी पहाटेपासून रांगेत उभे राहणाऱ्यांतले काही जण दुपारपर्यंत तीच रेकॉर्ड दुप्पट भावाने इंटरनेटवर विकायला काढतात. कारखाने मोजके, मागणी मोठ्या कंपन्यांची. त्यात २०२० मध्ये कॅलिफोर्नियात लॅकर बनवणारा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. ज्यावर मूळ चर कापला जातो ती लॅकरची चकती बनवणारा जगात त्यानंतर जपानमधला एकच कारखाना उरला. अशा वेळी तीनशे प्रती काढू पाहणारा नवा बँड रांगेत महिनोन्‌महिने मागे ढकलला जाऊ लागला. ज्या वस्तूने गरीब बँडना वाट दिली, तीच वस्तू आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभा होऊन त्यांची वाट अडवू लागली.

आपल्याकडे बझकॉक्ससारखं का घडलं नाही, असं कधी कधी मनात येतं. बँड होते. सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१च्या एलपींसाठी आज परदेशी संग्राहक जीव टाकतात. मुंबईच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट'चं संगीत २०११ मध्ये अमेरिकेच्या 'नाउ-अगेन' कंपनीने पुन्हा काढलं, तेव्हा कुठे इथल्या पोरांना ते कळलं. धोबीतलावच्या रंगभवनात हजारो लोक रॉक ऐकायला जमायचे. पण रेकॉर्ड छापायची यंत्रं एचएमव्हीच्या डमडमच्या कारखान्यात आणि अशाच एक-दोन कंपन्यांच्या हातात. चार पोरांनी पैसे जमवून पाचशे प्रती छापून घ्याव्यात, अशी सोय कुठे होती? परदेशी रेकॉर्डसाठी लोक काळा घोड्याच्या 'रिदम हाउस'मध्ये जायचे. तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकायची मुभा होती, आणि खिशात पैसे नसलेल्या कित्येकांचं शिक्षण त्याच बूथमध्ये झालं. २०१६ मध्ये ते दुकानही बंद झालं.

चरणजित सिंग यांचं नाव या संदर्भात घ्यावंच लागेल. हिंदी चित्रपटांत गिटार वाजवणारा मुंबईचा हा वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एचएमव्हीसाठी एलपी काढली. ती कुणी घेतली नाही. शिकागोत 'अॅसिड हाउस' नावाने गाजलेलं संगीत त्यानंतर पाच वर्षांनी आलं, आणि ते या एलपीसारखंच वाजतं. २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला तिची एक प्रत भारतात सापडली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि सत्तरीच्या घरातले सिंग युरोपात कार्यक्रम करू लागले. २०१५ मध्ये ते गेले. एका माणसाने जुनी रेकॉर्ड घरी नेऊन नुसती मांडून ठेवली असती, तर त्यांना हे दिवस दिसले नसते.

तेव्हा दोन विनंत्या. गावातला एखादा नवा बँड कार्यक्रमानंतर टेबल मांडून सीडी, कॅसेट किंवा रेकॉर्ड विकत असेल तर एक घ्या, आणि घरी जाऊन ऐका. त्या पैशात त्यांच्या पुढच्या गाण्याचं स्टुडिओभाडं असतं. आणि माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड्स असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्या एकदा उघडून बघा. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. एलपीच्या सुईवर त्या वाजवू नका, त्यांना जाड सुई लागते. प्लेअर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जा. रेकॉर्डवेडा माणूस अशा पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही.