आधी बाग, मग कोड

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत शिकताना पहिलं उदाहरण बहुधा बँकेच्या खात्याचं असतं. रत्नागिरीच्या मुलांनी ते बाजूला ठेवून आंब्याची पेटी घ्यावी. क्लास 'आंबा', त्याचे वारस हापूस आणि पायरी, हे चित्र पाच मिनिटांत निघतं आणि तिथेच फसगत होते. बागायतदार हिशेब ठेवतो तो पेटीचा. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन, लहान असेल तर सहा. आणि भाव? तो ना फळाचा गुण, ना पेटीचा. तो वाशीच्या बाजारातल्या त्या दिवशीच्या विक्रीचा. म्हणजे 'विक्री' हा स्वतंत्र क्लास हवा. आढीपाशी बसून विचारल्याशिवाय हे कळत नाही. विश्लेषण म्हणतात ते यालाच.

१९६७ साली नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला भाषेत क्लास आणला, तोही खऱ्या जगातले व्यवहार संगणकावर उभे करण्यासाठी. क्लासची रचना चित्रात मांडणाऱ्या यूएमएलच्या आकृत्या आठवड्यात शिकता येतात. व्यवहार समजायला हंगाम लागतो.

इथल्या अभियांत्रिकीच्या आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती: यंदा लॅपटॉप उघडण्याआधी एक दिवस बागेत घालवा आणि कागदावरचं तुमचं पहिलं चित्र आम्हाला पाठवा.